शिवू, तुझं कलम राहिलं

शिवू, तुला मातीत बसवून आलो त्याला अजून पंधरवडा झाला नाही, आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. दुसऱ्या कुणाशी भांडू? गावात जो तो तुझ्याबद्दल गोड बोलतोय. मास्तर म्हणजे देवमाणूस, मास्तर म्हणजे साखर, मास्तरांनी कधी कुणाला दुखवलं नाही. ऐकून माझं डोकं उठतं. तू साखर कुठला? तू आपल्या शेंगाचटणीसारखा होतास, बरा लागायचास पण नंतर पाणी मागायला लावायचास. चाळीस वर्षं मी तुझ्या शेजारी काढली, मला विचारा म्हणावं.

तुमच्या रीतीप्रमाणे तुला बसलेलाच पुरला. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, मांडी घातलेली. वर्गात बसायचास अगदी तसा. जंगम मंत्र म्हणत होते आणि मी खड्ड्याच्या काठावर उभा होतो. माझ्या मनात आलं, हा हट्टी माणूस मेल्यावरसुद्धा आडवा व्हायला तयार नाही. मला तिथंच हसू आलं. लोकांना वाटलं रडतोय. मग खरंच रडू आलं. मूठभर माती टाकली आणि बाजूला झालो.

विषमज्वरानं गेलास. पहिल्या आठवड्यातच मला कळलं होतं तो कुठून आला ते. शाळेमागच्या आडाला गटाराचं पाणी पाझरतं हे मी किती वर्षं ओरडून सांगतोय! आणि तू, त्याच आडाचं पाणी पिऊन, त्याच शाळेच्या ओसरीवर उभा राहून मला उत्तर द्यायचास. आपलं भांडण तिथलंच. मी म्हणायचो, आधी नळ, आधी गटारं, माणूस जगला तर पुढचं बघू. तू म्हणायचास, "नाना, जगला की लगेच त्याचा प्रश्न सुरू होतो. जगून पुढं काय?" मी चिडून म्हणायचो, पुढं काय म्हणजे काय, काम करेल आणि खाईल. त्यावर तू एकदा मलाच विचारलंस. "तुझी गटारं बांधून होतील. त्यात रोज उतरणारा जो आहे, त्याच्या नातवानंही तिथंच उतरायचं का? हे ठरवणं कुणाचं काम?"

आता तू गटाराच्या पाण्यानं मेलास. म्हणजे वाद मी जिंकलो. असली जीत माझ्या वैऱ्याला मिळू नये.

तुझी ती सवय आठवते. बाजारात, देवळात, माझ्या दवाखान्याच्या बाकावर कुणी भेटला की आम्ही विचारायचो, कुठं असतोस, कामाला कुठं लागलास. तू विचारायचास, "पुढं काय व्हायचंय?" पन्नाशीच्या विणकराला विचारायचास, भाजीवालीला विचारायचास. लोक हसायचे. एक तेलुगू विणकर तर मला म्हणाला होता, मास्तरला जरा औषध द्या. पण आठ दिवसांनी तोच विणकर तुझ्याकडं आला. रंग कसे बनतात ते कुठं शिकायला मिळतं, हे विचारायला. बापजाद्यांपासून रंगीत सूत विणत आला होता, पण रंगाच्या हौदाजवळ कधी गेला नव्हता. कुणी त्याला विचारलंच नव्हतं.

तुझ्यामुळंच मीही रोग्याला "काय होतंय" याच्या जोडीनं "काय करतोस" हे विचारायला लागलो. त्या एका प्रश्नानं मला निम्मे खोकले कळायला लागले. हे मी तुला तोंडावर कधी बोललो नाही. बोललो असतो तर तू आठवडाभर माझं डोकं खाल्लं असतंस. आता बोलतो. तुझे उपकार आहेत माझ्यावर.

सरकारनं गावावर लादलेला मार्शल लॉ उठल्यानंतरच्या वर्षी तू शाळेच्या ओसरीवर तो वर्ग काढलास. गिरण्यांतले बदली कामगार, म्हणजे रोज पहाटे दारात उभं राहून कुणी गैरहजर असला तरच आत घेतले जाणारे लोक, पाळी सुटल्यावर यायचे. कुणालाही न विचारता तू एक बंद पडलेला पंप आणून ओसरीत मांडला होतास. तो खोलायचा, प्रत्येक भागाचं चित्र काढायचं, माप घ्यायचं, परत जोडायचा. गंगव्वावहिनी म्हणायच्या, ह्यांनी घरात देव्हारा ठेवला नाही इतक्या कौतुकानं तो पंप ठेवलाय.

त्या वर्गात भानुदास होता. केम गावचा. दुष्काळानं जमीन भाजली तेव्हा आगगाडीनं बायकोपोरांसकट इकडं आला, आणि गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, बदली म्हणून उभा राहायला लागला. त्याच्या हातात काहीतरी होतं हे मलासुद्धा दिसायचं. पंपाचा आवाज ऐकून कुठला नट सैल आहे ते सांगायचा. एकदा तो दवाखान्यात पोरीला घेऊन आला होता, तेव्हा मला म्हणाला, "डाक्टर, मास्तर म्हनत्यात मी फिटर व्हनार. माझ्या बानं इंजन निस्तं लांबनं बगितलं व्हतं, आन मी फिटर! लई याडं वाटतंय बगा." हे सांगताना त्याचा चेहरा कसा झाला होता तो मी विसरू शकत नाही.

मग तो दसरा आला.

इथली रीत तुला काय मी सांगायची? साचेखात्यातले सगळे दसऱ्याला आपल्या जॉबरच्या घरी आपट्याची पानं घेऊन जातात. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा म्हणतात, पाया पडतात, त्याच्या बायकोच्या हातचा चहा पितात. कुणाला कामावर घ्यायचं, कुणाला परत पाठवायचं हे तोच जॉबर ठरवतो. म्हणून त्या दिवशी कोण आला, कोण नाही, हे त्याच्या बरोबर लक्षात राहतं. त्यात पैसा नाही, लाच नाही. निव्वळ पानं. पण तुला ती पानं खुपली. तू वर्गात सांगितलंस, "यंदा कुणी जायचं नाही. आपल्या हातात कसब आहे. कसबाला दाराशी वाकायची गरज नाही. सोनं आईला द्या, आणि इथं या, आपण पंपाला देऊ."

मी तुला अडवलं होतं. म्हटलं, शिवू, पानानं काय होतं? देऊन टाकू दे. तू म्हणालास, "पानाचं नाही रे नाना. जिथं माणूस दरवर्षी वाकतो तिथं त्याला वाटायला लागतं की आपलं पुढचं याच्याच हातात आहे. आणि ते खरं होऊन बसतं." बोलणं बिनतोड होतं. फक्त ते पोटाशी बोललेलं नव्हतं.

सगळ्यांनी तुझं ऐकलं. पंपाला पानं वाहिली, हसले, पेढे खाल्ले. दुसऱ्या दिवशी पहाटे दारात उभे राहिले तेव्हा जॉबर त्यांच्यावरून नजर फिरवत पुढं गेला. रागावला नाही, शिवी दिली नाही. त्याच्या तोंडात दुसरीच नावं आली. त्या दिवशी, त्याच्या पुढच्या दिवशी, आणि दिवाळी होऊन गेल्यावरही. तू दुसऱ्या कारखान्यांत हिंडलास, जिनिंगवाल्यांना भेटलास, रेल्वेत विचारलंस. सगळीकडं एकच प्रश्न, कुणाचा माणूस? कसब काय आहे, हे कुणी विचारलंच नाही. मला मात्र त्यांच्या घरची पोरं दवाखान्यात दिसायला लागली. अंगावर मांस नसलेली. मी औषध द्यायचो आणि मनात म्हणायचो, याला औषध भाकरीचं आहे.

संक्रांतीला तू घरातून निघालास. गावाची सगळी गर्दी गड्ड्याच्या जत्रेकडं चालली होती आणि तू उलट्या दिशेनं, उपरण्यात तिळगूळ बांधून, जॉबरच्या घरी. माझी सोबत नको म्हणालास, पण मी आलोच. मला वाटलं होतं तो तुला ताटकळत ठेवेल. त्यानं घोंगडं अंथरलं, पाणी आणलं, स्वतः खाली बसला.

"मास्तर, तुमी आला ह्येच लई झालं," तो म्हणाला. "आवो, मला काय पायावर डोकं ठिवून घ्यायची हौस हाय व्हय? मानूस डोळ्याम्होरं असला की सकाळच्याला त्येचं नाव तोंडात येतं. येवढंच हाय. मी बी धा वरसं माझ्या जाबरच्या घरी पानी भरलंय. मला कुटं कोन वर्ग घेऊन बसलं व्हतं?"

तू म्हणालास, माझ्या वर्गातल्या मुलांना परत घ्या. तो म्हणाला, "धाडा की. निस्तं घरी येऊन भेटून जावा म्हनावं."

परतताना तू एकेकाच्या दारी जाऊन जॉबरचा निरोप सांगितलास. वर्गातले बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी जॉबरला भेटून आले आणि कामाला लागले. भानुदास गेला नाही. तो ओसरीवर आला. मी तिथंच होतो. चपला न काढता पायरीवर उभा राहून बोलला. "मास्तर, तुमी सांगितलं जाऊ नगा. आमी न्हाय गेलो. पोरं उपाशी निजली तवा बी न्हाय गेलो. आन आता तुमीच जाऊन आला व्हय? मग आमी थांबलो कशापायी?"

 तू त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेलास, तो मागं सरकला. त्यानंतर तो वर्गात आला नाही. रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाली करायला लागला. फिटरचे हात पोती उचलायला लागले.

मला वाटलं, आता तू हे सगळं सोडशील. सोडलं असतंस तर कुणी बोट दाखवलं नसतं. पण महिनाभरानं तू दवाखान्यात आलास, शेवटचा रोगी जाईपर्यंत बाकावर बसून राहिलास, आणि म्हणालास, "नाना, चूक कुठं झाली सांगू? जॉबरच्या ओसरीसमोर मी माझी ओसरी उभी केली. ते त्याच्या मर्जीवर होते, मग माझ्या मर्जीवर आले. मी जा म्हटलं की जायचं, नको म्हटलं की थांबायचं. माणसाला पुढं जायला कुणाच्याच ओसरीवर जावं लागू नये. हे रस्त्यासारखं पाहिजे. रस्त्यावरून चालताना तू कुणाला सोनं देतोस का?"

मी माझ्या स्वभावाला धरून फाटा फोडला. म्हटलं, सरकारी ओसरी होईल, तिथं कारकून बसेल, तो जॉबरचा बाप निघेल. तू म्हणालास, "निघेल. पण कारकुनाला चार लोकांत जाब विचारता येतो. जॉबरला कधी कुणी विचारलाय?"

या मुद्द्यावर आपण किती भांडलो! तुझ्या अंगात ताप होता तेव्हासुद्धा आपण त्यावरच बोलत होतो. पुढं मला वेगळा मुद्दा सुचला होता, कारकून नेमायचा कसा याबद्दल. तो सांगायचा राहिला. तुझी नाडी धरून बसलो होतो, वाटलं उद्या सांगू.

बेकारीचा विचार करायला गावातल्या पाच-सात जणांची कमिटी नेमली गेली, त्यात तुझं नाव आलं आणि माझंही. तू लहान मुलासारखा खूश झालास. काय काय करावं ते कमिटीनं लिहून वर सरकारकडं पाठवायचं होतं. तू एकच कलम मांडायचं ठरवलंस. शहरानं जसं पाणी पुरवायचं, प्राथमिक शाळा चालवायची, तसं काम करणाऱ्या माणसाला पुढची पायरी दाखवायची, हेही शहराचं कर्तव्य धरावं. दर पेठेत एक खोली, तिथं कुठं काय जागा रिकामी आहे ते सगळ्यांसमक्ष वाचून दाखवायचं. पाळी सुटल्यावर कसब शिकवायचं. आणि एक जाणता माणूस नेमायचा, ज्याचं काम एवढंच की येणाऱ्याला विचारायचं, पुढं काय व्हायचंय. गिरणीवाल्यांच्या वतीनं बसलेले मुनीम म्हणाले, "मास्तर, ह्यानं माणसं अस्वस्थ होतील." तू म्हणालास, "अस्वस्थच आहेत. आपल्याला ऐकू येत नाही इतकंच." अध्यक्ष रावसाहेब हसले. ते तुझे चाहते होते. म्हणाले, शेवटच्या बैठकीत घेऊ, नीट घेऊ.

तेवढ्यात तुला ताप भरला.

तुला पोचवायला भानुदास आला होता. मालधक्क्यावरून तसाच, खांद्याला गोणपाटाचे धागे चिकटलेले. सगळे पांगल्यावर पुढं झाला, माती टाकली. मग मला म्हणाला, "डाक्टर, मी रागात बोललो व्हतो त्यास्नी. पर खोटं न्हवतो बोललो." मी म्हटलं, त्यालाही ते माहीत होतं. मग त्यानं विचारलं, "त्ये कमिटीतलं कलम हाय न्हवं? मास्तरांचं. मालधक्क्यावर समदी इचारत्यात. त्ये व्हनार का?" मी म्हटलं, मी आहे ना. जन्मभर ज्या कलमाशी वाद घातला त्याचा जामीन राहिलो. तुला मजा वाटली असती.

काल ती शेवटची बैठक झाली. संध्याकाळच्या डाकेनं अहवाल जायचा होता, आणि कमिटीची मुदतही कालच संपत होती. मी तयारी करून गेलो होतो. तुझे सगळे मुद्दे, आणि माझे जे आक्षेप होते त्यांना तू दिलेली उत्तरं. तुझ्या वतीनं स्वतःलाच हरवायला निघालो होतो म्हण ना. मुनिमांशी आधी बोललोही होतो. ते विरोधात होते, पण अडवणार नव्हते. बाकीचे बाजूनं होते. कलम होणार होतं, शिवू. हे तुला कळायला हवं. होणार होतं.

रावसाहेब आले. खुर्चीत बसले नाहीत. तुझ्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं आणि डोळ्यांना उपरणं लावलं. दुखवट्याचा ठराव त्यांनीच मांडला. शब्द फार चांगले होते, आणि मनापासूनचे होते. मग ते म्हणाले, "सभेतला सदस्य गेला की त्या दिवशी कामकाज करायचं नाही, ही आपली जुनी रीत आहे. त्या पुण्यात्म्याला मान म्हणून सभा तहकूब करतो."

मी उठलो. म्हटलं, रावसाहेब, ज्याच्या मानासाठी तहकूब करताय त्याचंच कलम आज आहे. आज नाही तर कधीच नाही. आधी ते घ्या, मग हवा तितका दुखवटा पाळू.

सगळ्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी देवळात थुंकलो. मुनीम हळूच म्हणाले, "डॉक्टर, आज तरी वाद नको." कुणीतरी माझा सदरा मागून ओढला. रावसाहेब माझ्याकडं दुःखानं बघत राहिले, रागानं नाही. म्हणाले, "तुमचा स्नेह आम्ही जाणतो. मन थाऱ्यावर नसतं अशा वेळी." त्यांनी मला क्षमा केली, शिवू! मग सगळे उभे राहिले. मीही उभा राहिलो. काय करणार होतो? सगळे मान खाली घालून उभे असताना मी एकटा बसून राहिलो असतो, तर तुझा वैरी ठरलो असतो. अहवाल डाकेनं गेला. त्यात सुरुवातीलाच तुझं नाव आहे, तुझ्या जाण्यानं कधी न भरून येणारी हानी झाली असं लिहिलंय. कलम नाही.

कुणाचा दोष म्हणू? रावसाहेब रडत होते. मुनीमसुद्धा शेवटी डोळे पुसत होते. वाईट वागला असा एकही माणूस त्या खोलीत नव्हता. जॉबरच्या घरीही नव्हता. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

भानुदासला अजून भेटलो नाही. स्टेशनकडं एक रोगी बघायला जायचं होतं, ते आज टाळलं.

पण तुझ्या घरी मात्र कालच गेलो, सभेहून तसाच. गंगव्वावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला पाणी दिलं. उकळलेलं, हे मुद्दाम सांगितलं. मग विचारलं, "काय झालं भावजी, ह्यांच्या त्या कामाचं?"

मी रोग्याच्या नातेवाइकांशी कधी खोटं बोलत नाही, तुला ठाऊक आहे. पण काल जरा आडवळण घेतलं. म्हटलं, वहिनी, फार मान दिला सगळ्यांनी. रावसाहेबांना बोलवेना. ठराव केला. सगळी सभा उभी राहिली.

त्यांनी पदर सावरला. तोंडावर थोडा उजेड आल्यासारखा झाला. "सगळेच उभारले? मोठी मोठी माणसं?"

"सगळेच."

"मग मंजूर झालं की."

मी मान हलवली. म्हटलं, नाही वहिनी. ते नाही झालं. ते आता होणार नाही.

 त्यांना वाटलं मराठी समजण्यात आपलंच काही चुकलं. कानडीत स्वतःशी काहीतरी पुटपुटल्या, मग सावकाश, एकेक शब्द जुळवून त्यांनी मला विचारलं,

"मग उभारले कशाला?"